कडेवाडीच्या झेंड्यावरची कोर

मुकुंद आजगावकरांना कार्यालयात माघारी ‘नाही-साहेब’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. ऐकून त्यांना बरंच वाटायचं. रत्नागिरीच्या समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या विश्वचिन्ह निबंधन कार्यालयात जगभरातले ध्वज आणि मुद्रा तपासून नोंदल्या जात, आणि मुख्य निबंधक म्हणून सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही खोटं चिन्ह पुढे सरकू दिलं नव्हतं. एका बेटाने आपल्या ध्वजावर समुद्रातून उगवणारा सूर्य काढला होता. बेटाच्या पूर्वेला डोंगर आहे, हे आजगावकरांनी नकाशात पाहिलं आणि ध्वज परत पाठवला. त्या बेटाचे पंतप्रधान स्वतः येऊन बसले, चहा पिऊन परत गेले.

आजच्या सुनावणीचा ध्वज त्यांच्या टेबलावर पसरलेला होता. काळं कापड, त्यावर पांढरी कोर, आणि कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये, अगदी पोटात, एक चांदणी. पाठवणारी वस्ती चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची, कडेवाडी नावाची. एका मोठ्या विवराच्या कडेवर बर्फ खणणाऱ्या लोकांनी ती वसवली होती.

“तिसऱ्यांदा तेच चित्र,” आजगावकर म्हणाले. “चांदणी एक बोटभर बाहेर सरकवली असती तरी मी सही केली असती. पण नाही. हट्ट.”

समोर बसलेल्या डॉ. नसीमा मुकादम हसल्या. कार्यालयाच्या त्या खगोलतज्ज्ञ. आजगावकरांशी चेष्टेने बोलण्याची हिंमत असलेली ती एकमेव व्यक्ती. “हट्टाबद्दल तुम्ही बोलावं, हे विशेषच.”

“तुम्हीच सांगा, असं दिसतं का कधी?”

“कसं दिसेल? कोरीच्या पोटातला अंधार म्हणजे रिकामं आकाश नव्हे. तिथे चंद्र असतोच, फक्त त्याच्यावर ऊन नसतं. साडेतीन हजार किलोमीटर जाडीचा दगड मध्ये असताना पलीकडचा तारा अलीकडे दिसायचा नाही. माझ्या आजोबांचं आयुष्य ईदचा चंद्र शोधण्यात गेलं. त्यांनाही कोरीच्या पोटात चांदणी सापडली नाही.”

“झालं तर मग,” आजगावकर म्हणाले.

पण झालं नव्हतं, आणि ते का, हे दोघांनाही माहीत होतं. नोंदलेला ध्वज असल्याशिवाय चंद्रावरच्या कुठल्याही ठिकाणाला कायद्याने ‘वस्ती’ म्हणता येत नसे. ती ‘छावणी’ ठरे, आणि सगळ्या छावण्या वर्षाअखेर रिकाम्या करून माणसं खाली आणायचा निर्णय झाला होता. कडेवाडीत तीनशे बारा माणसं होती. त्यांतली नव्वदेक वीस-वीस वर्षं तिथे राहिलेली. चंद्रावर वजन सहाव्या हिश्श्याचं. हाडं आणि काळीज त्याच वजनाला सरावतात आणि मग पृथ्वीचा भार पेलत नाहीत. वस्तीची प्रमुख कावेरी ठोंबरे चोवीस वर्षं वर होती. खाली आणलं तर ती अंथरुणावरून उठणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. अर्ज तीनदाच करता येई, आणि मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती.

आजगावकरांना याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. रात्री झोप उडाली होती त्यांची. पण एकदा दयेपोटी खोट्यावर सही केली की सत्तावीस वर्षांच्या सगळ्या सह्यांची किंमत जाते, असं त्यांचं पक्कं मत होतं, आणि ते मत त्यांनी सकाळी दाढी करताना स्वतःला दोनदा ऐकवलं होतं.

“आणि हे पाहिलंत का तुम्ही?” त्यांनी एक जाड वही नसीमाबाईंकडे सरकवली. “दुसऱ्या नकारानंतर पाठवलीय. ‘चांदणी तिथेच असते, आम्ही पाहतो’ म्हणे. चारशे नोंदी. तारीख, वेळ, बघणाऱ्याचं नाव. मी उघडलीसुद्धा नव्हती.”

नसीमाबाईंनी चष्मा चढवला आणि पानं उलटायला सुरुवात केली. मग त्यांनी पेन्सिलीने समासात खुणा करायला घेतल्या.

“विचित्र आहे,” त्या म्हणाल्या. “यातली प्रत्येक तारीख पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आगेमागे आहे.”

“म्हणजे चंद्र जवळजवळ पुरता भरलेला असताना यांना कोर दिसली?”

“तसंच लिहिलंय. आणि दुसरं. जून ते सप्टेंबर नोंदी जवळपास नाहीतच. दरवर्षी. सहा वर्षं.”

आजगावकर खुर्चीत पुढे सरकले. “पावसाळा. चंद्रावर पाऊस पडतो का हो, मुकादम बाई?”

“मी तरी ऐकलं नाही.”

“मग ही वही इथेच कुणीतरी बसून रचलीय. ढगांमुळे आकाश न दिसणाऱ्या माणसाने.” त्यांचा आवाज कडक झाला. हट्टी माणसं त्यांना चालत असत, खोटी चालत नसत. रात्रभर छळणारी दया आता त्यांच्या मनातून साफ निघून गेली. “लावा दूरसभा.”

भिंतीवरच्या पडद्यावर कावेरी ठोंबरे दिसली. पन्नाशीची बाई, केस बारीक कापलेले, चेहरा चंद्रावरच्या सगळ्यांसारखा थोडा सुजलेला. जुन्नरच्या बाजूची. मागे पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने उभी होती. बोललेलं वर पोचून उत्तर खाली यायला अडीच सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागत असे, आणि ती तेवढी शांतता प्रत्येक वाक्याला चिकटलेली होती.

“कावेरीबाई, नियम चार आपल्याला ठाऊक आहे?”

“पाठ आहे साहेब. आकाशातली वस्तू झेंड्यावर घ्यायची तर ती त्या लोकांना त्यांच्या भूमीवरून दिसते तशीच घ्यायची.”

“छान. मग माझे आक्षेप ऐका. कोरीच्या अंधाऱ्या भागात तारा दिसू शकत नाही, हा पहिला. तुमच्या वहीतल्या तारखांना पौर्णिमा होती, चंद्राची कोर नव्हतीच, हा दुसरा. वही पावसाळ्यात कोरी आहे, त्यामुळे ती चंद्रावर लिहिलेली नाही असा मला दाट संशय आहे, हा तिसरा. आणि चौथा सर्वांत मोठा.” हा मुद्दा त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. “तुम्ही चंद्रावर उभ्या आहात. तुमच्या पायाखाली चंद्र आहे. कडेवाडीच्या आकाशात चंद्र दिसतच नाही, कोरीचा नाही आणि पौर्णिमेचाही नाही. जो तुम्हाला कधी दिसलाच नाही, तो चंद्र तुम्ही ध्वजावर काढलात कसा?”

अडीच सेकंद गेले. मागच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कावेरीबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सरळसरळ आश्चर्य होतं.

“साहेब, चंद्र काढलाय असं कोण म्हणालं?”

आजगावकरांनी समोरचं चिन्हवर्णन उचललं. “इथे स्पष्ट लिहिलंय. ‘काळ्या पटावर शुभ्र चंद्रकोर, तिच्या...’” आणि ते थांबले.

चिन्हवर्णन अर्जदाराने लिहायचं नाही, निबंधकाने लिहायचं, अशी त्या कार्यालयाची शिस्त होती. अर्जदार वर्णनात आपल्या शौर्याचे पोवाडे घालतात, म्हणून आजगावकरांनीच ती घालून दिली होती. अर्जाबरोबर फक्त चित्र यायचं. हातातलं अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. आयुष्यात त्यांनी नऊशेच्यावर कोरी नोंदल्या होत्या, प्रत्येक कोर चंद्राची होती, आणि ही कोर समोर आल्यावरही त्यांनी डोळे मिटून तोच शब्द लिहिला होता.

नसीमाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “पृथ्वी,” त्या म्हणाल्या. “आजगावकर, ही पृथ्वी आहे. इथून चंद्राच्या कला दिसतात तशा तिथून पृथ्वीच्या दिसतात, फक्त उलट्या. आपल्याकडे अमावास्या, तेव्हा त्यांच्या आकाशात पूर्ण पृथ्वी. आपल्याकडे पौर्णिमा जवळ आली की त्यांच्याकडे पृथ्वीची कोर. तारखा अगदी बरोबर आहेत.”

“आमच्या आकाशात एकच कोर असते साहेब,” कावेरीबाई म्हणाल्या. “तुम्हाला सांगायला लागेल असं वाटलंच नाही. तुम्ही चांदणी खोटी म्हणालात, म्हणून आम्ही चांदणीची वही पाठवली.”

आजगावकर घोटभर पाणी प्यायले. दुसरा कुणी असता तर इथेच सही करून मोकळा झाला असता. पण नाही-साहेब ते नाही-साहेबच.

“कोर मान्य,” ते म्हणाले. “चूक माझी, तशी नोंद करतो. पण चांदणीचं काय? पृथ्वीच्या पलीकडचा ताराही पृथ्वीतून दिसायचा नाही.”

“पलीकडचा न्हाईच तो. अलीकडचा हाये.” बाईंची जुन्नरची बोली आता मोकळी झाली. “सह्याद्रीत घाटमाथ्यावर लेझरचा दिवा हाये. चंद्र किती लांब ते मोजाया त्यातनं आमच्या आरशावर किरण मारत्यात. तुमच्याकडं रात्र असली की अंधाऱ्या पृथ्वीवर त्यो एकटा लखलखतो. शहरांचे दिवे नुसते भुरकट. बावीस वर्षांमागं सूर्याचं वादळ आलं, एकोणीस दिवस रेडिओ मेला. आम्ही अकरा जण होतो. खाली कोणी उरलंय का, ते पण कळंना. पण दिवा दिसायचा. तेवढ्यावर काढले आम्ही ते दिवस.”

नसीमाबाईंनी तोवर घाटमाथ्यावरच्या केंद्रात फोन लावला होता. तिथला चालक दिगंबर राणे याच्याकडे किरण सोडल्याच्या रोजच्या नोंदी होत्या. दोघं तारखा ताडून पाहू लागले. चार वाजून गेले, साडेचार झाले. प्रत्येक नोंद मिनिटाला मिनिट जुळत होती. ज्या रात्री ढग होते त्या रात्री राणेने दिवा लावला नव्हता, आणि त्या रात्री वहीत काहीच नव्हतं. पावसाळे रिकामे होते ते त्यामुळेच. चंद्रावर पाऊस पडत नसला तरी सह्याद्रीत पडतोच.

“खरं आहे,” नसीमाबाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. “पण राणे म्हणतो, पुढच्या महिन्यात दिवा बंद होतोय. अंतर आता दुसऱ्या पद्धतीने मोजतात. आदेश निघालाय.”

आजगावकरांनी पडद्याकडे पाहिलं. “हे तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय. सहा अर्ज केले त्यासाठी. सहाही परत आले.”

“आणि म्हणून चांदणी बोटभरही सरकवली नाहीत.”

“नियम सात पण पाठ हाये साहेब.”

नियम सात आजगावकरांनीच लिहिला होता. नोंदलेल्या चिन्हाची मूळ वस्तू जशी आहे तशी जपणं सगळ्या सदस्य देशांवर बंधनकारक आहे. त्या नियमापायी एका बेटाच्या ध्वजावरचं चिंचेचं झाड वाचवायला विमानतळाची धावपट्टी वाकवावी लागली होती. एका झऱ्यासाठी एक खाण बंद पडली होती. आदेश काढणाऱ्यांपैकी अनेक जण त्यांना उद्या सकाळपासून फोन करतील, हे त्यांना दिसत होतं. करू देत. नाही म्हणायची सवय कुणाला होती, आणि ती आज नाही तर कधी कामाला येणार होती?

पाचला बारा मिनिटं होती. त्यांनी जुनं चिन्हवर्णन फाडलं आणि नवा कागद घेतला. ध्वजाचं नाव, कडेवाडी. आकाशस्थ वस्तू, दोन. चंद्र या रकान्यात त्यांनी ‘नाही’ लिहिलं. खाली सही केली आणि शिक्का मारला. पडद्यावर बायकापुरुष एकमेकांच्या गळ्यात पडले. कावेरीबाई मात्र हात जोडून तशाच उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हलक्या वजनामुळे गालावर फार सावकाश उतरत होतं.

मग आजगावकरांनी कपाटातून नियम सातचं मोठं रजिस्टर काढलं. त्यात आजवर झाडं होती, शिखरं होती, दोन झरे आणि एक धबधबा होता. पहिल्या रिकाम्या ओळीत त्यांनी घाटमाथ्यावरचा दिवा लिहिला. जबाबदार म्हणून केंद्र चालवणाऱ्या सरकारचं नाव घातलं.

“झालं?” नसीमाबाईंनी विचारलं.

“एक वस्तू राहिली,” आजगावकर म्हणाले. चिन्हात वस्तू दोन होत्या, आणि नियमात कुठलीही सूट नव्हती. पेनाचं टोक कागदावर काही क्षण थांबलं, मग त्यांनी पुढच्या ओळीत नेहमीच्या सुबक अक्षरात ‘पृथ्वी’ असं लिहिलं, आणि जशी आहे तशी जपण्याची जबाबदारी कुणाची, या रकान्यात सगळ्या सदस्य देशांची नावं एकेक करून भरायला सुरुवात केली.