त्या बाईंना बसायला सांगा

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती पोटासाठी चढते. मी दुभाषी आहे. मला येते ती परदेशी भाषा जाणणारी माणसं आमच्या शहरात बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे कारखान्याच्या करारापासून घटस्फोटापर्यंत सगळीकडे मलाच बोलावणं येतं. "तुझी जीभ कायम भाड्याने दिलेली, घरी येताना तेवढी सोडवून आणत जा," असं नवरा चिडवतो. कामाचा नियम मात्र मी कधी मोडला नव्हता. समोरचा जे बोलला त्यात पदरचं घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही.

अनाथाश्रमाचं काम मिळालं ते या भाषेमुळेच. परदेशातल्या एका जोडप्याला भिंगरी दत्तक द्यायची ठरली होती. तान्ही असताना बसस्थानकाच्या बाकावर सापडलेली ही मुलगी आता पाच वर्षांची झाली होती, आणि एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून भिंगरी. दर आठवड्याला दुपारी आश्रमाच्या ऑफिसात मी आणि ती संगणकासमोर बसायचो आणि पडद्यावर ते दोघे. त्यांनी तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती, पलंग आणला होता. तो पलंग आखूड पडायची वेळ आली तरी कोर्टात प्रकरण सरकेना. कधी न्यायाधीशांची बदली, कधी डॉक्टरांच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे त्या नवऱ्याचं वय. येत्या वाढदिवसाला तो नियमाच्या मर्यादेबाहेर जाणार होता. त्याआधी आदेश निघाला नाही, तर सगळं रद्द. आणि एवढ्या मोठ्या मुलीला पुन्हा कोण घेणार?

खऱ्या आईच्या शोधासाठी पेपरात जाहिरात दिली होती, ती आश्रमाचे वकीलसाहेब कौतुकाने दाखवायचे. बाकावर मूल ठेवून गेलेली बाई सकाळी चहाबरोबर पेपर वाचते, असं कायद्याला वाटत असावं. कुणीही आलं नाही, असं आश्रमाने लिहून दिलं होतं.

एका दुपारी बोलणं संपवताना ती परदेशी बाई हसून म्हणाली, "मागे उभ्या असतात, त्या बाईंनाही आमचे आभार सांगा."

मी वळून पाहिलं. लोखंडी कपाट, त्याच्यावर जुन्या फायली आणि बंद खिडकी. कपाटाच्या चकचकीत दारात आमचंच प्रतिबिंब पडलं असेल, असं मी ठरवून टाकलं. तरी पुढच्या खेपेला कपाटावर एक पांढरी चादर सोडली.

त्या दिवशी ती म्हणाली, "त्या कधीच कशा बसत नाहीत? त्यांना बसायला सांगा ना. आम्हालाच अवघडल्यासारखं होतं."

"कुठल्या हो?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"त्याच. हिरव्या स्वेटरवाल्या. केस ओले असतात त्यांचे."

हे सगळं त्यांच्या भाषेत चाललं होतं, आणि भिंगरीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. खुर्चीवर पाय हलवत ती आपली आपण म्हणाली, "ती नाही बसत. तिला गेटवाले काका बसू देत नाहीत."

बोलणं मी कसंबसं आटोपलं. मी तशीच मागच्या अंगणात गेले. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी दुपटी वाळत घालत होत्या.

"मावशी, भिंगरीला बघायला कधी कुणी आलं होतं?"

त्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "कुठे बोलू नका हं ताई. ही इथे आली ना, तेव्हा एक बाई यायची. दिवसभर फाटकाबाहेर उभी. पाऊस असो, काही असो, अंगात तो हिरवा स्वेटर. वॉचमन म्हणायचा, कागद आण, मग आत घेतो. कुठून आणणार ती कागद? पायरीवर टेकली तरी उठवायचे हो. मग एक दिवस यायचीच बंद झाली."

"संचालकबाईंना माहीत होतं हे?"

"वॉचमनला सांगितलं कुणी मग?"

संचालकबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. आश्रमातल्या प्रत्येक पोराचं दुखणंखुपणं त्यांना पाठ होतं. "हे कोर्टात निघालं, तर शोध पुन्हा पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "तोवर या माणसाचं वय उलटलेलं. मग पोर कुणाची? ना हिची, ना त्यांची. तुम्ही नेता घरी?"

मी पर्स उचलून बाहेर पडले.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या भिंतीवर मोठा पडदा लावला होता. भिंगरी बाकावर माझ्याशेजारी बसली होती. आमच्या मागची रांग रिकामी होती. बाहेर रणरणतं ऊन, आणि मला ओल्या लोकरीचा वास येत होता.

"आदेशाआधी त्यांना काही म्हणायचं असेल तर विचारा," न्यायाधीश म्हणाले.

मी विचारलं. परदेशी बाई बराच वेळ बोलली.

"आम्हाला ही मुलगी जिवापाड हवी आहे. पण त्या बाई आज तिथेही आल्या आहेत. रडताहेत. त्या तिच्या कोण, ते आम्हाला कुणीच सांगत नाही. आम्ही कुणाचं मूल हिसकावून तर आणत नाही ना? एवढं साहेबांना विचारा."

शेजारी तिच्या नवऱ्याने मान खाली घातली होती.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. भिंगरीने माझं बोट धरलं.

"त्या म्हणतात, मुलीला जिवापाड जपू," मी म्हणाले. "आणि साहेबांचे आभार मानतात."

"एवढंच? बोलल्या तर बऱ्याच."

"एवढंच."

मग पडद्याकडे वळून त्यांच्या भाषेत मी सांगितलं, "साहेब म्हणतात, तसं काही नाही."

सही झाली. वास गेला. मला हायसं वाटलं, आणि माझी मलाच शिसारी आली.

भिंगरी गेली. त्यानंतर कितीतरी दिवसांनी त्यांनी मला घरी व्हिडिओ कॉल लावला. मी माझ्या कामाच्या खोलीत होते. खोली एवढीशी, खुर्चीची पाठ भिंतीला घासते. भिंगरीचे गाल वर आले होते. नवी आई दूध आणायला उठून गेली, तेव्हा भिंगरी नवे शब्द म्हणून दाखवत होती.

बोलता बोलता ती थांबली. माझ्या डोक्याच्या वर बघू लागली.

"बस ना आता," ती आपल्या भाषेत हळूच म्हणाली. "इथे गेट नाहीये."

"कुणाला म्हणतेस गं?"

तिची नजर हळूहळू खाली येत माझ्या चेहऱ्यावर थांबली, आणि ती समाधानाने हसली.

"बसली," ती म्हणाली.

खोलीत खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर मी बसले होते.