जमिनीवर पडलेला वेल

खोडदहून फोन आला तो मृत्यूचाच. दुर्बिणीच्या प्रकल्पावर काम करणारा रत्नदीप त्या सकाळी जुन्नरच्या दवाखान्यात दगावला होता. त्याची बहीण प्रज्ञा स्वयंपाकीण लंकाबाईवर विषप्रयोगाचा आरोप करत होती.

फौजदार प्रबुद्ध पोहोचला, तेव्हा लंकाबाई ओसरीच्या कडेला बसून होती. रडत नव्हती. आतलं सगळं कुणी उपसून नेल्यासारखी.

"रत्नदीपला दिलेला काढा कशाचा होता, मावशी?"

"त्या पांढऱ्या फुलांच्या वेलाचा, हनीसकलचा. दादांचा खोकला हटंना. मागंबी दिला व्हता, गुण आला व्हता."

"त्याची फळं विषारी असतात म्हणे."

"हायेत की. पर आत्ता वेलाला फळ हाय कुठं? मी फुलंच घेते, तीबी उमललेली."

"मोठी वैदीण!" प्रज्ञा दारातून म्हणाली. "डिंभ्याच्या रानातलं सगळं हिलाच कळतं! हिला आधी गाडीत घाला, साहेब."

प्रबुद्धला डॉक्टरांचे शब्द आठवत होते : ओकाऱ्या, बधिर ओठ, दिव्याभोवती दिसणारं पिवळं कडं, मंदावत गेलेली नाडी. हनीसकलच्या फुलांनी हृदय असं विझत नाही.

"गाळ कुठं टाकला, मावशी?"

"अळूच्या बुडाशी."

त्या गाळात उमललेल्या फुलांबरोबर मिटलेल्या, जाडसर कळ्याही होत्या. पलीकडे हनीसकलचा वेल फुलांसकट जमिनीवर आडवा पडला होता. त्याच्याखाली ताजे खुंट. कापावर चीक अजून ओला.

"इथं काय होतं, ताई?"

"वाळकं झुडूप. तोडलं."

"वाळक्या झुडपाला चीक येत नाही." प्रबुद्धने कुंपणामागचा ढीग उचकटला. लांबट पानं, पांढऱ्या कळ्या. "ही कण्हेर. वेल हिच्यावरच चढलेला होता. मावशी उमललेली फुलं घेतात. गाळात कळ्या आहेत. मावशींनीच टाकल्या असत्या, तर गाळ दाखवला नसता. आणि झुडूप तोडायची घाई त्यांना नव्हती, तुम्हाला होती. त्या कळ्या तुम्ही टाकल्या."

प्रज्ञा उंबऱ्यावर बसली.

"काढा कडक व्हावा म्हणून. तिन्हीसांजेला सगळंच पांढरं दिसलं."

"कळलं कधी?"

"उजाडताना. दवाखान्यातून त्याची शाल न्यायला आले, तेव्हा उजेडात कण्हेर दिसली. घाबरले. कोयता घेतला."

"म्हणजे रत्नदीप जिवंत असताना?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"परत गेले, तर डॉक्टरांनी विचारलं, पोटात आणखी काही गेलंय का? मी नाही म्हणाले. तेव्हा तो बोलत होता, साहेब."