महालक्ष्म्यांचे दागिने

रुखमाबाईंनी तिजोरीची किल्ली दिराच्या, हिंमतरावांच्या, हातावर ठेवली आणि त्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या...

खामगावच्या वकिलाने बजावले होते की यंदा संपत्तीकराच्या कागदात घरातले दागिनेही दाखवावे लागतील, सोनाराच्या दाखल्यासकट. घरच्या कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या यंत्रांची किंमत दोघा जाणकारांनी दोन तऱ्हांची सांगितली होती, जागेची तर कुणी सांगेनाच; पण सोन्याचे काय, तोलले की झाले, असे म्हणून हिंमतरावांनी जळगाव जामोदहून माणिकराव सोनारांना बोलावून घेतले. तोलले की झाले! माणिकरावांचे नाव ऐकले तेव्हापासून रुखमाबाई किल्ली देण्याचे आज-उद्यावर ढकलत आल्या होत्या.

लग्नानंतर चारच वर्षांत कपाळ पांढरे झालेल्या या थोरल्या सुनेचे दागिने फक्त भाद्रपदात बाहेर निघत, तीन दिवस महालक्ष्म्यांच्या अंगावर झळकत आणि पुन्हा तिजोरीत जात. देवीच्या अंगावरचा दागिना कोण कसाला लावणार? त्या भरवशावर त्यांनी बारा वर्षे काढली होती. धाकट्या जावेला, हिंमतरावांच्या केसरबाईला, क्षयाने गाठले आणि सासऱ्यांनी उपचाराला नकार देऊन तिला माहेरी धाडायचे ठरवले, तेव्हा रुखमाबाईंनी आपली गळ्यातली एकदाणी आणि हातातले गोठ माणिकरावांना गुपचूप विकले, त्यांच्याकडूनच हुबेहूब पितळी घडवून मुलामा चढवून घेतला, आणि पैसे केसरबाईच्या भावाकडे देववून, 'माहेरचेच म्हणून सांग' अशी त्याला शपथ घातली. भाऊ पुढे वारला. केसरबाई बरी झाली... आणि 'माझ्या भावाने मला जगवले, तुमचे सोने मात्र तिजोरीतच बसून राहिले', हे तिने जावेला कितीदा ऐकवले असेल!

माणिकरावांनी एकदाणी हातात घेतली आणि आपले काम ओळखले. कसोटीचा दगड त्यांनी पिशवीतून काढलाच नाही. नुसते वजन सांगितले, आणि हिंमतराव ते सोने म्हणून लिहू लागले. रुखमाबाई सुटल्या होत्या... पण दिराने दरसाल पितळेवर कर भरावा? त्याने भोळेपणाने खोट्या कागदावर सही करावी? ते त्यांना सोसवेना.

"लिहू नका, भाऊजी. ते पितळ हाय. मीच बदललं."

केसरबाई ताडकन उठली. घरातले सोने कुठे नेले, असे तिने दोनदा विचारले. रुखमाबाई खाली मान घालून पितळी गोठ फडक्यात गुंडाळू लागल्या. चोरीचा आळ माथी आला तरी चालेल, पण मेलेल्या भावाची माया तिच्या पदरातून काढून घ्यायची नाही, एवढेच त्यांनी मनाशी धरले होते.

माणिकरावांना मात्र राहवले नाही. दागिने विकले त्या दिवशी केसरबाईचा भाऊ त्यांच्याच दुकानात ते पैसे न्यायला आला होता, नागपूरच्या दवाखान्याची चिठ्ठी त्याच्या हातात होती, हे सारे त्यांनी सांगून टाकले.

केसरबाई जावेजवळ येऊन बसली आणि तिने ती पितळी एकदाणी हातात घेतली.

"मले काऊन नाही सांगतलं, बाई?"

"तुह्याजवळ माहेरचं तेवढंच तं होतं, केसर."

केसरबाईने जावेच्या मांडीवर डोके टेकले आणि ती हमसून हमसून रडू लागली... हिंमतरावांनी लिहिलेली ओळ खोडली आणि पाठ वळवून डोळे पुसले.

त्या भाद्रपदात महालक्ष्मीच्या गळ्यात केसरबाईची स्वतःची सोन्याची एकदाणी होती. केसरबाई मात्र रुखमाबाईंची ती पितळेची घालून हळदीकुंकवाला वावरत होती, आणि कुणी विचारले की माझ्या जाऊबाईंची आहे म्हणून सांगत होती.