मंदाचा पाट

यंत्राच्या तारा बरोबर जोडलेल्या होत्या. माइकही ठीक होता. तरी केतकी ओरडून ओरडून दमली आणि यंत्र गप्पच राहिले.

"आजोबा, हे तर आजीपेक्षाही बहिरं झालंय," ती म्हणाली.

मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन अकरा महिने झाले होते.

आम्ही चंद्रावरच्या वस्तीत राहतो. इथे बंद पडलेली वस्तू घरात ठेवत नाहीत. तिचे भाग दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतात. वस्तीच्या यादीच्या कागदावर मंदाच्या यंत्रापुढे मीच 'बंद' असे लिहून दिले होते. बंद वस्तू गोळा करणाऱ्या पिंगळेबाई चार वाजता ते न्यायला येणार होत्या. माझ्या नऊ वर्षांच्या नातीला, केतकीला, ते द्यायचे नव्हते.

"चालू झालं तर ठेवाल?" तिने सकाळी विचारले होते.

मी हो म्हणालो. ते चालू होणार नाही हे मला माहीत होते.

यंत्र म्हणजे मॉड्युलर सिंथेसायझर (वेगवेगळे विजेचे खण तारांनी जोडून आवाज घडवणारे वाद्य). मंदाला ऐकू येत नसे. तिने दाराशी गाण्याच्या खेळण्यातला एक स्वस्त माइक लावला होता. मी दारात बोललो की यंत्र एक खोल, जाड सूर काढी. त्याचा स्पीकर लाकडी पाटाखाली होता. पाटावर बसलेल्या मंदाला तो सूर अंगाला कळे.

केतकीने आवाज वाढवायचे शेवटचे बटण पूर्ण फिरवले. घरभर नुसती खरखर झाली.

"माइक बिघडलाय का?"

"नाही."

"मग?"

आयुष्यभर मी मुलांना भौतिकशास्त्र शिकवले. सरळ प्रश्नाला खोटे उत्तर देणे मला जमत नाही.

"माइकमध्ये एक पातळ पडदा असतो," मी म्हणालो. "आवाजानं तो हलतो. त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि थोडी वीज तयार होते. किती? एका व्होल्टचा (विजेचा दाब मोजायचे माप) हजारावा भाग, फार तर दोन-चार हजारांश. या यंत्राला लागतात पाच व्होल्ट."

"म्हणजे मुंगीनं दार वाजवलं."

"हो. म्हणून मध्ये प्रवर्धक (लहान संकेत मोठा करणारा भाग) लागतो. तोही सुरुवातीलाच. तू शेवटी वाढवलंस. तोवर यंत्राची स्वतःची खरखर त्यात मिसळली होती, मग तीच मोठी झाली."

"आजीचं कसं चालायचं मग?"

ती यंत्राजवळ वाकली. एका जागी खण नव्हता. स्क्रूची दोन भोके तेवढी दिसत होती.

"इथलं कुणी काढलं?"

"मी."

"का?"

"ती गेल्यावरही हे चालूच होतं. मी कप ठेवला तरी पाट थरथरायचा. आणि पाटावर कुणी नसायचं."

केतकीने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "कुठे ठेवलाय?"

मंदाच्या शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांच्या रिळांखाली तो खण होता. केतकीने स्क्रू धरले, मी पिळले. शेवटचा तिने पिळला.

आता माइकचा संकेत आधी प्रवर्धकात जाऊन हजारो पट मोठा होत होता. तिथून तो अनुगामीत (आवाज वाढला की वाढणारा, उतरला की उतरणारा विजेचा दाब देणारा भाग) जात होता. तो दाब सुराला कमीजास्त करी.

केतकी पाटावर बसली. "बोला!"

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत परत बसून काहीतरी बोललो.

"नुसतं घरघरतंय. तुमचं काही कळत नाही."

"तो हवेचा पंखा. माइकला पंखाही ऐकू येतो, आणि प्रवर्धक तोही वाढवतो. त्याला आपलं-परकं कळत नाही."

"पंखा बंद करू?"

"श्वास कशानं घेशील?"

"मग तुम्ही जवळ या ना! तिकडे कोपऱ्यात काय बसलाय? आई म्हणते, अकरा महिने तिथेच बसलाय."

तिचे बरोबर होते. अंतर निम्मे केले की आवाजाचा संकेत साधारण दुप्पट होतो. पंख्याचा आहे तेवढाच राहतो. मी उठलो आणि माइकपासून वीतभर अंतरावर उभा राहिलो. काय बोलावे ते सुचेना. रोज बाहेरून आल्यावर त्याच जागी जे म्हणत असे, तेच तोंडातून आले.

"मंदा, आलो गं."

पाट थरथरला. केतकीने दोन्ही तळवे लाकडावर टेकवले.

"आजीला असं कळायचं?"

"असंच. मोठ्यानं बोललो की म्हणायची, अहो हळू, पाटावरून पाडाल मला."

केतकी हसली. मला हसू आले नाही, पण मी माइकजवळून हललो नाही.

चार वाजता पिंगळेबाई आल्या. "बंद यंत्र कुठंय?"

"आधी बसा," केतकीने पाट दाखवला. मग मी माइकमध्ये म्हणालो, "या, पिंगळेबाई."

त्या दचकून उठल्या आणि पुन्हा बसल्या. "आणखी एकदा म्हणा," त्या म्हणाल्या. तेच पुन्हा मी म्हणालो.

"सात नंबरच्या घरातलं बाळ आहे ना," त्या म्हणाल्या, "त्याला ऐकू येत नाही. आई हाका मारून थकते. त्याच्यासाठी असं करता येईल?"

"पाटाला लाकूड कुठून आणणार?" मी म्हणालो.

"पत्र्याचं ताटही थरथरतं, आजोबा," केतकी म्हणाली. ती उठून ताट आणायला गेलीही.

मी पिंगळेबाईंकडून कागद घेतला आणि 'बंद' हा शब्द खोडला.