मूठ वळेपर्यंत

दारात एक उंच माणूस उभा होता — कराटेच्या पांढऱ्या पोशाखात, उजव्या हाताची दोन बोटं काठीसारखी ताठ.

“इथे बोटांचा व्यायाम शिकवतात ना?”

“इथे कागदाच्या घड्या शिकवतात,” मी म्हणाले.

“तेच. डॉक्टरांनी सांगितलंय.”

खालच्या मजल्यावर कराटे शिकवणारे सर ते हेच. सरावात बोटं मोडली होती. प्लास्टर निघालं, पण मूठ वळेना. महिन्याभरात वळली नाही, तर वर्ग दुसऱ्याच्या हातात जाणार होता.

तो रोज पाचच्या ठोक्याला यायचा. चपलासुद्धा कडेला कड लावून काढायचा. कागदापुढे मात्र त्याचं काही चालायचं नाही.

“कोपऱ्याला कोपरा जुळवा. आता नखाने घडी दाबा... अहो, हळू. मारामारी नाही करायची.”

“सवय आहे,” म्हणत त्याने तिसरा कागद फाडला.

मग मीच त्याच्या ताठ बोटावर माझं बोट ठेवलं आणि घडीवरून हलकेच फिरवलं. कागदाचा बेडूक तयार झाला, पण मागून दाबला तरी काही केल्या उडी मारेना.

“माझ्यावर गेलाय,” तो म्हणाला. “नुसता बसून असतो.”

मी हसले. तो हसला नाही... बघत राहिला. मी उगाचच कात्री शोधायला लागले.

घरी ताई म्हणाली, “हल्ली पाचच्या आधी वेणी घालतेस.”

“केस डोळ्यांवर येतात.”

“चार वाजता नाही येत?”

महिना संपता संपता त्याने माझ्यासमोर हात धरला आणि मूठ वळली — पूर्ण, घट्ट. मला आनंदच व्हायला हवा होता.

“आता यायची गरज नाही,” मी म्हणाले.

“नाही,” तो म्हणाला.

आठ दिवस तो आला नाही. पाच वाजले की घड्या वाकड्या पडायच्या. नवव्या दिवशी सकाळी मी जिना उतरले. त्याच्यासमोर बायकांची रांग हात वर करून उभी होती.

“शिकायचंय?” त्याने विचारलं.

“नाही... तुम्ही येत नाही, ते मला सोसत नाही.”

त्याचे कान लाल झाले.

“मूठ पंधरा दिवस आधीच वळत होती,” तो हळूच म्हणाला. “सांगितलं नाही.”

“एवढा शिस्तीचा माणूस, आणि खोटं?”

“आयुष्यात पहिल्यांदा.”

त्याने हात पुढे केला. मी तो धरला.

“सर,” मागून एक काकू म्हणाल्या, “आम्ही हात खाली घेऊ का?”

“घ्या,” तो म्हणाला. माझा मात्र सोडला नाही.