तीन शब्दांची खिडकी

साधा भूतकाळ

जिन्यात माझ्या पायाखाली एक दात आला.

मला ते कळलंच नाही. कळलं ते खालच्या पायरीवरून आवाज आल्यावर.

"हलू नका. तुम्ही एका आजोबांच्या पुढच्या दातावर उभ्या आहात."

एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. एका हातात प्लॅस्टरचा जबडा, दुसऱ्या हातात मोबाइलचा दिवा. मी एका पायावर उभी राहिले. काखेत चाळीस वह्या, मनगटाला लटकलेली ओली छत्री... त्यानं माझ्या चपलेखालून दात काढला, त्यावर फुंकर मारली, दिव्यासमोर धरला आणि मग पहिल्यांदा वर माझ्याकडे बघितलं.

"वाचला," तो म्हणाला. "तुमचं वजन कमी आहे."

इतक्या कामाच्या स्वरात माझं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर कवळ्या बनवायची लॅब होती, तिथं तो काम करायचा. मी वरच्या मजल्यावर इंग्रजीचा वर्ग घेते, असं सांगायला लागले तर म्हणाला, माहीत आहे, रोज पाच वाजता छतातून गो-वेंट-गॉन गळायला लागतं. त्याला सगळी क्रियापदं तिन्ही रूपांसकट पाठ झाली होती. कशासाठी असतात तेवढंच माहीत नव्हतं. शिवाय त्याची एक तक्रार होती. वर्गाच्या तालावर त्याचा हात चालायचा, आणि परवा आम्ही ईट-एट-ईटन घोकत असताना एका बाईंच्या कवळीत एक दाढ जास्त बसली होती.

पुढच्या सोमवारी तो वर्गात शेवटच्या बाकावर होता. नखांत गुलाबी मेण. परदेशातल्या एका लॅबनं त्याला बोलावलं होतं. चार महिन्यांनी इंग्रजीची परीक्षा. पास झाला तर पाच वर्षांसाठी तिकडे, नाही तर इथंच.

म्हणजे मी नीट शिकवलं तर तो जाणार होता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उगाच कुणाला दोष देणार नाही.


रीती भूतकाळ

हा काळ माझ्या फळ्यावर नसतो. इंग्रजीचे बारा चौकोन असतात. हा आपला, तेरावा. जे पुन्हा पुन्हा घडे आणि आता घडत नाही, ते सांगायला.

तो येई. पाचला पाच मिनिटं कमी असताना येई. हात घासून धुतलेले असत, तरी प्लॅस्टरचा कोरडा वास त्याच्याबरोबर आत शिरे. मी चौकोन आखी आणि तो ते दातांसारखे मोजी – वर सहा, खाली सहा. वर्गानं त्याचं नाव 'कवळी' ठेवलं होतं. तो त्या नावाला हजेरी देई.

पूर्ण वर्तमानकाळ कुणालाच उमजत नसे. मी गेलो, मी गेलोय... दोन्हीकडे माणूस गेलेलाच, मग दोन चौकोन कशाला? एकदा कवळीच उठला आणि म्हणाला, "प्लॅस्टर ओतलं, म्हणजे झालं, विषय संपला. प्लॅस्टर ओतलंय, म्हणजे अजून ओलं आहे. बोट लावू नका." सगळ्या वर्गानं मान डोलावली. मी सहा वर्षं शिकवत होते. मला हे सुचलं नव्हतं.

वर्ग सुटला की तो फळा पुसायला थांबे. एकही चौकोन घाईनं पुसत नसे.

"मॅडम, मी तुम्हाला जिन्यात भेटलो. हे कोणतं?"

"जिन्यात, सोमवारी, साडेचार वाजता. वेळ सांगितलीत की साधा भूतकाळ."

"आणि वेळ सांगितलीच नाही तर?"

"तर..." मी डस्टर शोधत बसले. ते त्याच्याच हातात होतं. "तर अजून ओलं आहे."

माझ्या आईची कवळीही त्यानंच केली. माप घ्यायला तो घरी चार वेळा आला. दोनदा पुरलं असतं, असं आईचं म्हणणं. तो तिला हसायला सांगे, ती हसे, तो बोटानं तिची हनुवटी किंचित फिरवी आणि वहीत काहीतरी टिपे. आई म्हणे, पोटच्या पोरीपेक्षा माझं तोंड यालाच जास्त कळतं. नवे दात बसवून पहिल्यांदा बोलली ती हेच, "दातवाल्याचं काय ठरवलंयस?"

मी म्हटलं, तो जाणार आहे.

"ते त्याचं झालं. मी तुझं विचारतेय."

मी दूध तापवायला आत गेले.

आता पुठ्ठ्याबद्दल सांगायला हवं. माझ्या वर्गात प्रत्येकानं रोज इंग्रजीत तीन ओळी लिहायच्या असतात. काल काय झालं, आज काय चाललंय, उद्या काय होणार. चाळीस वह्या, एकशे वीस ओळी. लोक मनापासून लिहितात. कुणाची सासू, कुणाचं दुखणं, कुणाचं मोडलेलं लग्न. पहिल्या वर्षी मी सगळं वाचायची आणि रात्र रात्र तळमळायची. मग एका जुन्या वहीचा पुठ्ठा घेतला आणि त्यात ब्लेडनं खिडकी कापली, तीन शब्द मावतील एवढी. ओळीवर ठेवायचा, सरकवायचा, खिडकीत क्रियापद आलं की बघायचं. चुकलं असेल तर खोडायचं, बरोबर असेल तर टिक. बाकीचं वाक्य पुठ्ठ्याखाली. तासाभरात चाळीस वह्या होत.

त्याची वही मी पुठ्ठ्याशिवाय एकदाच वाचली. त्यानं लिहिलं होतं, काल मी एका दाताचा रंग जुळवत होतो आणि वरून तुमचं हसू ऐकू आलं. रंग परत जुळवावा लागला. त्या ओळीनं मला दोन दिवस काही सुचू दिलं नाही. दोनदा दूध उतू गेलं. त्यानंतर मी त्याच्या वहीवर पुठ्ठा सगळ्यात घट्ट धरी. जाणाऱ्या माणसाला शिकवायचं असेल तर हात थरथरून चालत नाही.


चालू वर्तमानकाळ

परीक्षेला चार दिवस उरलेत. मी वह्या तपासतेय. खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजतोय, खालच्या मजल्यावरून त्याच्या मशीनची बारीक घरघर येतेय.

मी वाट बघतेय. त्यानं एक शब्द काढला... एकच... तर मी सांगणार आहे की जाऊ नका. आपणहून सांगायचा धीर होत नाहीय. मास्तरणीनं परीक्षेच्या तोंडावर पाय ओढायचे, आणि उद्या तो पस्तावला तर? त्यानंच बोलायला हवं. आज नाही तर उद्या बोलेल, असं मी स्वतःला समजावतेय.

त्याची वही हातात येतेय. काल. टिक. आज. टिक. उद्याच्या ओळीवर पुठ्ठा सरकवतेय.

– – विल टेल मी – – – – –

इथं 'विल' जास्तीचं आहे. सरकवताना ओळीच्या तोंडाशी 'इफ' ओझरतं दिसलं होतं; 'इफ'च्या वाक्यातला नेहमीचा घोटाळा. निम्मा वर्ग करतो. मी लाल रेघ मारतेय. पुढं सरकवतेय.

– – – – – – – विल नॉट गो

बरोबर. उद्याच्या ओळीत कुणी ना कुणी कुठंतरी जाणार नसतंच – कामावर, लग्नाला, दवाखान्यात. मी टिक करतेय. वही मिटतेय. पुढची घेतेय.

खाली मशीन बंद होतंय.


साधा भूतकाळ, आणखी एकदा

बाकीचे वह्या घरी नेतात. त्यानं दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच उघडली. शेवटच्या पानावर लाल रेघ, लाल टिक. त्यानं टिकवर बोट ठेवलं.

"तुम्ही तपासलंत हे?"

"म्हणजे काय. एक 'विल' जास्तीचं होतं, काढलं."

"आणि बाकी?"

"बाकी बरोबर आहे."

त्यानं वही मिटली, कडा हातानं सरळ केल्या. मला वाटलं आता बोलेल. मी खडूचे तुकडे डबीत भरायला घेतले.

"तुम्ही काही सांगणार आहात का मला?" त्यानं विचारलं.

मी खडूंकडे बघत म्हटलं, "परीक्षेला वेळेवर पोचा."

त्या दिवशी तो फळा पुसायला थांबला नाही.

तो पास झाला. वर्गात पहिला आला. आमच्याकडे पास होणाऱ्यानं आपली वही भिंतीवरच्या फळीवर ठेवून जायची पद्धत आहे, पुढच्या तुकडीला वाचायला. त्यानं ती ठेवली, इतर वह्यांच्या रांगेत बोटानं आत ढकलली. आईला भेटून आला, तिची कवळी एका कडेला टोचत होती ती घासून दिली. निघताना मला म्हणाला, "शिकवलंत छान. काहीच विसरणार नाही." मी म्हटलं, येत जा. येत जा म्हणजे कुठून, हे दोघांनाही कळत नव्हतं.

आईनं त्या संध्याकाळी विचारलं, "तू त्याला थांब म्हणालीस?"

"तो काही बोलला नाही, आई."

त्याच्या दातांनी ओठ दाबून धरला होता तिनं.


पूर्ण भूतकाळ

आठ महिने झाले होते. खालची लॅब दुसरीकडे गेली होती. गाळ्याला कुलूप लागलं होतं, आणि आमचं गो-वेंट-गॉन खाली नुसतंच गळत होतं.

नव्या तुकडीत एक शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या होत्या. लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जायचं होतं, विमानतळावर कुणी अडवलं तर चार वाक्यं बोलता यायला हवी होती. त्यांनी फळीवरून एक वही उचलली होती. मावशी शिवण तपासावी तसं वाचायच्या, टाका न् टाका, ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं.

"इफ... यू... विल, हे खोडलंय... टेल मी वन्स... आय विल नॉट गो."

मी फळ्यावर सहावा चौकोन आखत होते.

"तुम्ही एकदा सांगितलंत," मावशी मराठी करत होत्या, "तर मी... जाणार नाही. बरोबर ना मॅडम?"

"बरोबर."

"क्रियापद बरोबर आहे ते कळलं. टिक आहे." त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. "पण हा माणूस कुणालातरी विचारतोय. याला उत्तर दिलं का कुणी?"

मी वळले. मावशींच्या हातात ती वही होती. कडा सरळ केलेली.

सहावा चौकोन अर्धाच राहिला. मी वर्ग लवकर सोडला. अंगाला काचत असेल तर कपडा उसवावा बाई, एवढंच मावशी जाताना म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरचा खडू झटकला.

मग मी ती वही पहिल्या पानापासून वाचली. चार महिन्यांच्या काल, आज, उद्या. पुठ्ठ्याशिवाय. आज मी हात तीनदा धुतले, तुम्हाला वास आवडत नाही असं वाटलं. काल तुमच्या आई म्हणाल्या की तुम्ही दूध उतू जाऊ देता. उद्या रविवार आहे, वर्ग नाही, उद्या लवकर संपेल तर बरं. प्रत्येक ओळीवर माझ्या लाल शाईची टिक होती. मी त्याला सांगत गेले होते, बरोबर, बरोबर, बरोबर.

शेवटच्या पानाचा फोटो काढला आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं : 'आज वाचलं. पुठ्ठा लावून तपासत होते. माझं उत्तर तेव्हाही तेच होतं, जाऊ नका.'


काल, आज, उद्या

उत्तर दोन दिवसांनी आलं. इंग्रजीत, तीन ओळी, गृहपाठासारख्या.

काल : तुम्ही वाचून टिक केलीत, तेच तुमचं उत्तर असं मी धरून चाललो होतो.

आज : मी एका आजींचा खालचा जबडा करतोय, त्या तुमच्या आईसारख्या डावीकडून हसतात.

उद्या : पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. ती इथंच दातांचे रंग जुळवते. तिला मी तुमच्याबद्दल अजून काही सांगितलेलं नाही, आणि आता सांगणार नाही.

मी तीनही ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. सवयीनं हात लाल पेनाकडे गेला होता. सगळे काळ जागच्या जागी होते.

आई दात काढून वाटीत ठेवून माळेचे मणी ओवत बसली होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं सुई खाली ठेवली.

"काय लिहिलंय त्यानं?"

"एकही चूक नाही, आई."

ती काहीतरी म्हणाली. दात नसल्यानं शब्द नीट लागले नाहीत. मी वाटी उचलली, दात नळाखाली धरले. वरची पंगत, खालची पंगत, आणि एका कडेला त्यानं शेवटच्या दिवशी घासून गुळगुळीत केलेली जागा. त्या जागेवरून अंगठा फिरवत मी पाणी तसंच वाहू दिलं.

मग ते पुसून आईच्या तळहातावर ठेवले. तिनं बसवले, एकदा जबडा मिटून बघितला, आणि या वेळी स्पष्ट म्हणाली, "ये, इथं बस."

मी बसले.