एलिचपुरी ढब्बू

अमरावतीत जवाहर गेटच्या आत, बांगड्यांच्या दुकानांना खेटून किशोरचं चार फुटी दुकान आहे. जुनी नाणी, जुन्या नोटा. गिऱ्हाईक येतं ते बहुतेक मोबाइलवर काहीबाही पाहून.

"भाऊ, हा भोकाचा पैसा. याचे पाच लाख भेटते म्हणतात."

"पाच लाखाले जात असता, तर म्या इथं माशा मारत बसलो असतो का? वीस रुपये. द्याचा असन तर द्या."

आणि कुणी तांब्याची नाणी चिंच-मीठ लावून लख्ख घासून आणली, की किशोर कपाळावर हात मारून घ्यायचा. शंभर-दोनशे वर्षांत तांब्यावर जो गुळासारखा काळपट रंग चढतो, त्यालाच तर मोल. तो उतरवला की राहिलं काय, भंगार! असा हा तोंडाचा फटकळ पण हिशेबी माणूस. नजर, उतारा, अंगात येणं, असलं काही त्याच्यापुढे काढायची सोय नव्हती. डोळ्याला भिंग लावून जे दिसतं तेवढंच खरं.

एकदाच त्यानं आईपुढे हात टेकले होते. बायकोची, साधनाची, पहिली दोन बाळं बारा दिवसांच्या आतच गेली. तिसऱ्या खेपेला रागिणी झाली, तेव्हा माय हट्टाला पेटली. लेकरू शेजारणीला विकायचं. लेकरू दुसऱ्याचं झालं, की काळ आपल्या घरी येतो, आपलं असं काही दिसत नाही, हात हलवत परत जातो. जुना रिवाज. साधनाचं तोंड पाहून किशोरनं मान डोलावली.

विकत घेणारी होती बाजूच्या घरातली पार्वताबाई. विधवा, मूलबाळ नाही. तिनं लुगड्याच्या गाठीतून एक ढब्बू पैसा काढून मायच्या तळहातावर ठेवला, बाळ मांडीवर घेतलं, बराच वेळ नुसतं पाहत राहिली.

"दमडी नाव हिचं," ती म्हणाली. "आता माही आहे. पण ठेवा तुमच्याकडंच, तुमीच वाढवा."

मायनं तो पैसा लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला. रागिणी जगली. नुसती जगली नाही, सहा वर्षांत घर डोक्यावर घ्यायला लागली. शाळेत रागिणी, घरी रागिणी. पार्वताबाई तेवढी भिंतीपलीकडून "दमडे!" म्हणून हाक मारायची आणि पोरगी "ओ, आजी!" करत धावायची. किशोरला ते आवडायचं नाही, पण म्हातारीला काय बोलणार? मागच्या पौषात पार्वताबाई गेली. चांदूर बाजारहून पुतण्या आला, दिवस उरकले, दाराला कुलूप घालून गेला.

दिवाळीच्या साफसफाईत किशोरच्या हाती ते लाल फडकं आलं. सवयीनं त्यानं भिंग लावलं, आणि अरे बाप्पा! निजामाच्या वेळचा, एलिचपूरच्या, म्हणजे आताच्या अचलपूरच्या टाकसाळीचा ढब्बू. त्या काळी ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे निम्मी अक्षरं काठाबाहेर जायची. या पैशावर टाकसाळीचं नाव सबंध उमटलेलं होतं. असा नग त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

त्यानं दुकानातून तेवढाच एक साधा ढब्बू आणला आणि फडक्यात बांधून जागच्या जागी ठेवला. मायले कुठं समजते! नाणी जमवणाऱ्या अकोल्याच्या वामनरावांनी खरा पैसा बावीस हजाराला घेतला. त्यातून आधी रागिणीसाठी गुलाबी सायकल आली. तिच्याच नावाचा पैसा तिलाच पावला, असं म्हणून तो मनाशी खूशही झाला.

सायकल अंगणात लावली. रागिणीनं घंटी वाजवून पाहिली.

"कोणाची आहे?"

"तुझीच की!"

"मग मी घरी नेऊ?"

किशोर मोठ्यानं हसला. पोरंच ती.

मग रागिणी हाकेला ओ देईनाशी झाली. दोन हाका, चार हाका, तोंडावरची रेघ हलायची नाही. कानाच्या डॉक्टरांनी मशीन लावून तपासलं. "कान एकदम फर्स्ट क्लास. बापाचं ऐकत नसंल, तो भाग वेगळा," असं म्हणून ते हसले. किशोरही हसला.

ती दुपारभर पार्वताबाईच्या उंबऱ्यावर बसायला लागली.

"इथं काहून बसली, बेटा?"

"आजी भाकर टाकून राहिली. झाली की बोलावते."

इंग्लिश शाळेतली पोर. घरात साधनानं तिला असं वऱ्हाडी बोलू दिलं नव्हतं. किशोरनं कुलूप ओढून पाहिलं. गंजलेलं, घट्ट. तव्यावर ज्वारीची भाकर करपल्याचा वास मात्र येत होता. वस्तीत शंभर चुली, कुठूनही येईल. त्यानं स्वतःला असंच बजावलं.

त्या दिवशी संध्याकाळी रागिणी ताटावर बसेना.

"मी जेवली."

साधनानं तिचा हात ओढून पाहिला. बोटांना अंबाडीची भाजी लागलेली होती. घरात आठवडाभर अंबाडी आली नव्हती.

माय उठली. देव्हाऱ्यातलं फडकं तिनं सोडलं नाही, नुसतं बोटांनी चाचपलं.

"हा तो नोहे," ती म्हणाली. "किशोर, तो पैसा कुठी आहे?"

त्यानं सांगितलं. मायनं फडकं खाली ठेवलं.

"तिनं मोल देल्लं, आपण घेतलं. पण मोडलं नाई. म्हणून सौदा अर्धाच होता रे, म्हणून पोरगी तिची होऊनही आपल्या घरी होती. तू मोडून खाल्ला."

"माय, हे कायचं बोलणं…"

"उद्या जाय. जसाचा तसा आण. तिच्या उंबऱ्यावर ठेव आन् पोरगी वापस माग."

एरवी तो आईला हसला असता. सकाळी सातच्या गाडीनं तो अकोल्याला निघाला. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यानं साधनाला तीनदा फोन केला. पोरगी अंगणात खेळते आहे, साधना म्हणाली. सायकलला हात लावत नाही.

किशोरनं पैसा परत मागितला, तशा वामनरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कोण्या तोंडानं सांगू, किशोर? सूनबाईनं दिवाळीच्या भांड्यायसंगं तोही घासला."

पैसा त्यांनी टेबलावर ठेवला. लालबुंद. झळझळीत. जणू आत्ताच टाकसाळीतून निघून कुणीतरी आत्ताच हातावर ठेवला होता. दोनशे वर्षांचा रंग एका चिंचेच्या बोटुकानं गेला होता.

"आता भंगार आहे हे. तुले पायजे असन तर ने, पैसे देऊ नको."

जसाचा तसा, माय म्हणाली होती. परतीच्या वाटेवर किशोरनं मूठ उघडली नाही. घामानं मुठीला तांब्याचा वास येत होता. मूर्तिजापूरनंतर त्यानं पुन्हा फोन लावला. साधनानं उचलला नाही. बडनेऱ्याला लावला. उचलला नाही.

साडेचार वाजता तो गल्लीत शिरला. लख्ख ऊन होतं. साधना रस्त्यावरच भेटली, पदर एकीकडे, पाय अनवाणी. माय ओट्यावर बसून होती.

"आत्ता अंगणात होती हो!" साधना म्हणाली. "फोन वाजला तरी तिच्यापासून हलले नव्हते, फक्त दूध उतरवायला आत गेले."

सायकल भिंतीला टेकून उभी होती. तिच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

पार्वताबाईच्या उंबऱ्यापाशी रागिणीच्या चपला होत्या. नीट, एकाला एक लावून. त्यांच्या शेजारी रबरी चपलांचा आणखी एक जोड होता. निळा पट्टा, तारेनं शिवलेला. म्हातारी गेली तेव्हा, पौषात, किशोरनं स्वतःच्या हातानं तो नाल्यात टाकला होता.

कुलूप तसंच होतं. त्यावरचं कोळ्याचं जाळंही तुटलेलं नव्हतं.

आत कुणीतरी भाकर थापत होतं.

किशोरनं खाली बसून पैसा उंबऱ्यावर ठेवला.

"घ्या तुमचा पैसा, पार्वताबाई," तो म्हणाला. "माही पोरगी द्या."

थापणं थांबलं.

"रागिणी!"

काही नाही.

"रागिणी, बेटा, बाबा आले!"

काही नाही. मागे साधना तोंडात पदर कोंबून रडत होती. किशोरनं दाराला कपाळ टेकवलं, आणि सहा वर्षांत जे नाव त्यानं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, ते काढलं.

"दमडे…"

"ओ!"

दाराच्या अगदी पलीकडून. हसरा, त्याच्या लेकीचा आवाज. मग तो आवाज आतल्या बाजूला वळला.

"आजी, कोनी काका आले. पैसा देऊन राहिले. काय विकत पायजे, म्हणून इचारू?"